डोंगर नसलेलं पुस्तक

त्या पुस्तकात एकही डोंगर नाही. बर्फ नाही, दरी नाही, क्षितिजाकडे पाहत उभी राहिलेली आई नाही. त्यात स्टॅनमोरमधली आमची गल्ली आहे, एका प्राथमिक शाळेचं स्वयंपाकघर आहे, कचऱ्याचे डबे आहेत आणि कुंपणावरून कोणत्याही विषयावर बोलणारा एक म्हातारा आहे. तो म्हातारा म्हणजे मी. तरीही या देशातल्या ज्या ज्या नेपाळी माणसाने हे पुस्तक ऐकून माहीत करून घेतलं आहे, त्याच्या लेखी ते डोंगरांसाठी झुरणाऱ्या एका बाईचं पुस्तक आहे. हे संपूर्णपणे माझं काम.

मागच्या महिन्यात मँचेस्टरहून एका विद्यार्थिनीचा फोन आला. परदेशातल्या नेपाळी लेखनातलं दुःख असा तिचा विषय आहे आणि माझं भाषण तिने आधाराला घेतलं आहे. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर ती घाईघाईने म्हणाली, "सर, प्लीज, तो चॅप्टर सबमिट झालाय." इंग्रजीत आता उशीर झाला. निदान मराठीत तरी खरं काय ते सांगून ठेवतो.

सुरुवात माझ्या सवयीपासून करायला हवी. नोकरी मी काँक्रीटच्या कंपनीत केली, पण इथल्या मराठी माणसांत माझी ओळख आहे ती अध्यक्ष म्हणून. कशाचा अध्यक्ष, ते महत्त्वाचं नाही. मंडळात कोणाचंही पुस्तक आलं की प्रकाशनाला अध्यक्ष मी. आणि प्रकाशनाचा अध्यक्ष पुस्तक वाचत नाही, ही आपल्याकडची जुनी, सोयीची पद्धत. पुस्तक त्याच्या हातात येतं तेच मुळी रंगीत कागदात गुंडाळलेलं, वर रिबीन बांधलेलं. ती रिबीन सोडताना फोटो काढतात आणि लगेच भाषण. वाचणार कधी?

माझं भाषण एकच होतं. कवितासंग्रह असो, प्रवासवर्णन असो, ते बसायचं. "हे शाईने लिहिलेलं नाही, हे आसवांनी लिहिलेलं आहे," हे त्यातलं मुख्य वाक्य. मधुमेहींसाठीच्या पाककृतींच्या पुस्तकालाही मी ते लावलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. बायको पहिल्या रांगेत बसून पर्समधलं काहीतरी शोधत असे. भाषण संपेपर्यंत तिला ते कधीच सापडत नसे.

शेजारच्या घरात नेपाळी जोडपं राहायला आलं, तेव्हा मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते गुरखा पलटणीतून कॅप्टन म्हणून निवृत्त झालेले. त्यांना मी कॅप्टनसाहेब म्हणतो. पलटण सुटली तरी त्यांची तपासणी सुटली नव्हती. कौन्सिलची कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी ते पहाटे उठून गल्लीतले सगळ्यांचे बिन एका रेषेत लावत. निळे, तपकिरी, करडे, झाकणांची तोंडं रस्त्याकडे. कोणाचा बिन वाकडा असला तर त्या घराकडे एक नजर टाकत. ती नजर मी पडद्याआडून पाहिली आहे. त्यानंतर आमचा बिन कधी वाकडा नव्हता.

त्यांच्या पत्नी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत. मी त्यांना ताई म्हणतो, त्या मला दाइ म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. त्यामुळे माझी बायको त्यांची भाउजू झाली आणि दुपारी दोघींपैकी एकीचं तरी स्वयंपाकघर भरलेलं असे. ताई काहीतरी लिहितात एवढं माझ्या कानावर होतं. बायका काय लिहिणार, हिशेब किंवा आठवणी, असा माझा समज होता. तो चुकीचा होता हे सांगायला आता माझी हरकत नाही.

पुस्तक काठमांडूला छापलं गेलं आणि नातेवाइकांच्या बॅगांमधून थोडं थोडं करून आलं. त्याच बॅगांमध्ये गुंद्रुकही येतं. गुंद्रुक म्हणजे त्यांची आंबवून वाळवलेली पालेभाजी. त्यामुळे प्रत्येक प्रतीला तिचा वास होता. मुखपृष्ठावर बर्फाचा डोंगर आणि पाठीवर टोपली घेतलेली पाठमोरी बाई. तो प्रकाशक सगळ्याच पुस्तकांवर ते चित्र टाकतो, व्याकरणाच्या पुस्तकावरसुद्धा, हे मला फार नंतर कळलं.

ताईंनी कुंपणावरून एक प्रत दिली. मी पहिलं पान उघडलं. लिपी आपलीच. मी मोठ्याने वाचू लागलो. रेडिओवरच्या बातम्यांसारखं स्वच्छ, ठणठणीत, एकही अक्षर न अडखळता. घर आणि मन हे दोन शब्द सोडून मला काहीही कळत नव्हतं, पण कळत नसताना वाचलं की आवाज जास्त चांगला लागतो असा माझा अनुभव आहे. पान संपलं तेव्हा ताई कुंपणाला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

"दाइ, तपाईंलाई नेपाली आउँछ?"

येतं का, असं त्या विचारत होत्या हे मला कळलं.

"थोडंफार," मी म्हणालो.

मागे बायको कपडे वाळत घालत होती. तिच्या तोंडात चिमटा होता म्हणून ती काही बोलली नाही. घरात आल्यावर बोलली. "थोडंफार? अहो, तुम्हाला त्यांच्या हॉटेलातलं मेनूकार्ड वाचून दाखवावं लागतं."

"वाचता येतं मला. कळत नाही, एवढंच."

"मग तेवढंच सांगायचं."

तेवढंच सांगायला हवं होतं. पण तोवर ताईंनी कॅप्टनसाहेबांना सांगितलं होतं आणि कॅप्टनसाहेब आमच्या दारात उभे होते. हिंदीत बोलायचे ते माझ्याशी, पण बोलणं इतकं तुटक की प्रत्येक वाक्य हुकमासारखं.

"दाइ. या देशात नेपाळी साहित्य कोणाला माहीत नाही. शौर्य माहीत आहे. मोमो माहीत आहेत. साहित्य नाही."

"खरं आहे."

"आपण मोहीम काढायची."

मोहीम त्यांनी आधीच सुरू केली होती. आमच्या भागातल्या लायब्ररीत जाऊन ते रोज काही नेपाळी पुस्तकं, खुनाच्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या पुढ्यात, मुखपृष्ठं बाहेर करून लावून येत. लायब्ररीवाले रोज ती परत देत. शेवटी त्यांनी रीतसर कपाटाची मागणी केली. लायब्ररीतली ती मुलगी आमच्याच मंडळातल्या एका जोडप्याची, इथेच जन्मलेली. लहानपणी ती सतरंजीवर झोपून माझी भाषणं ऐकत वाढली. तिने अर्ज पाहिला, पुस्तकं पाहिली आणि मला फोन केला.

"काका, मला नेपाळी शेल्फ करायची आहे. पण आमच्याकडे कोणाला नेपाळी वाचता येत नाही. हा कॅप्टन अंकल म्हणतो की तुमची नेपाळी फ्लुएंट आहे."

"फ्लुएंट म्हणजे तसं..."

"सुपर. मग लाँचला भाषण तुमचा. मला तुमची भाषण लहानपणापासून आवडतो, काका. मला झोप यायची मस्त."

नाही म्हणायची ती माझी शेवटची संधी होती. मी डायरी पाहतो म्हणालो. माझ्या डायरीत दाताच्या डॉक्टरांशिवाय काही नसतं.

नेपाळी समारंभात आसन ग्रहण नावाचा एक भाग असतो. मान्यवरांची नावं एकेक करून पुकारतात, त्यांना मंचावर बसवतात, छातीवर रिबिनीचा बिल्ला लावतात आणि गळ्यात खादा, म्हणजे रेशमी पांढरा पट्टा, घालतात. कॅप्टनसाहेबांना कोणालाही वगळणं जमेना. माजी अध्यक्ष, माजी खजिनदार, माजी खजिनदारांचे व्याही, असं करत करत सभागृहातले बहुतेक लोक मंचावर आले आणि समोर त्यांच्या बायका तेवढ्या उरल्या. दीपप्रज्वलन करायचं होतं, पण लायब्ररीत धुराचा अलार्म. म्हणून बॅटरीवरच्या मेणबत्त्या होत्या. प्रत्येक मान्यवराने गंभीर चेहऱ्याने येऊन एकेक बटण दाबलं. माजी खजिनदारांच्या व्याह्यांनी चुकून दुसऱ्यांदा दाबलं आणि त्यांची विझली, तेव्हा जरा कुजबुज झाली. मला अगदी घरच्यासारखं वाटत होतं. आपलं मंडळ यात फार मागे नाही, पण मागे आहे.

मी बोलायला उठलो. भाषण नेहमीचंच काढलं, फक्त हिंदीत, आणि मुखपृष्ठ पाहून त्यात डोंगर घातले. "हे पुस्तक वाचताना मला मध्येच थांबावं लागलं," मी म्हणालो. हे खरंच होतं, मी पहिल्याच पानावर थांबलो होतो. "ही लेखिका इथे राहते, पण तिचं मन इथे नाही. बिन बाहेर ठेवताना तिला हिमालय दिसतो. शाळेतल्या मुलांना बटाटे वाढताना तिला गावाकडची चूल दिसते. ती तक्रार करत नाही. तिच्या माणसांनाही तिने हे कधी सांगितलं नाही. फक्त पुस्तकाला सांगितलं." मग शाई आणि आसवांचं वाक्य आलं. समोरच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मंचावर माझ्या मागे कोणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. वळून पाहिलं तर कॅप्टनसाहेब. ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर, आणि गालांवरून पाणी.

ताई खाली मान घालून बसल्या होत्या. त्या भारावल्या आहेत असं मी समजलो.

माझी चूक एवढ्यावर थांबली असती तर मी हे लिहिलं नसतं. खोटी भाषणं मी आयुष्यभर केली आणि त्यांनी कोणाचं काही बिघडलं नाही, कारण कोणी ती खरी मानत नसे. ऐकणाऱ्यांनाही पद्धत माहीत होती. कॅप्टनसाहेबांना ती माहीत नव्हती. ज्याला आयुष्यभर हुकूम शब्दशः पाळायची सवय, तो अध्यक्षीय भाषण शब्दशः ऐकतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्यांनी बायकोचं पुस्तक वाचलं नव्हतं. "मी तिच्याबरोबर राहतो, मला काय वाचायचंय," असं ते म्हणत. त्यामुळे त्यांना माझ्याकडून पहिल्यांदा कळलं की आपली बायको इतकी वर्षं गावासाठी झुरते आहे. त्यांनी तातडीने उपाय सुरू केले. दिवाणखान्यात डोंगराचं चित्र लागलं. मग जिन्यात एक. मग बाथरूममध्ये. सकाळी भिंतीपलीकडून पहाडी लोकगीतं ऐकू येऊ लागली. जेवायला रोज ढिंडो, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि तो ते स्वतः रांधत. माझी बायको एकदा तिथून येऊन म्हणाली, "ताईंनी आज माझ्याकडे टोस्ट मागून खाल्ला. दोन. उभ्याउभ्याच."

"प्रेम आहे त्यांचं," मी म्हणालो. मला बरं वाटत होतं. माझ्या भाषणाने पहिल्यांदा कोणाच्या घरात काही बदललं होतं.

मग एका सकाळी त्यांच्या बागेत एस्टेट एजंटचा बोर्ड उभा राहिला. घर विकणे आहे.

मी चपला घालून तसाच गेलो. कॅप्टनसाहेब बोर्ड सरळ आहे का ते गवंड्याच्या लेव्हलने तपासत होते.

"हे काय?"

"परत चाललो, दाइ. गावाला. बुढीसाठी." बुढी म्हणजे बायको, ते प्रेमानेच म्हणतात. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमचे उपकार आहेत. तुम्ही नसता तर मला मरेपर्यंत कळलं नसतं."

मी घरी आलो आणि खुर्चीत बसलो. बायकोने चहा ठेवला आणि समोर बसली. ती समोर बसली की काहीतरी असतं.

"त्या पुस्तकात डोंगर नाहीत हो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"विनोदी पुस्तक आहे ते. ताईंनी मला सगळं वाचून दाखवलंय, अर्थ सांगत सांगत. लिहीत होत्या तेव्हाच. मी मटार सोलायची आणि हसायची. एकदा सगळे मटार सांडले."

"विनोदी?"

"तुमच्यावर एक प्रकरण आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. "आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर नेपाळीचे जाणकार."

"मग ताई का गप्प आहेत? सांगायचं ना नवऱ्याला, की मला कुठे जायचं नाही."

बायकोने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. कॅप्टनसाहेब भाषणात रडले हे ताईंनी पाहिलं. लग्नानंतर नवऱ्याला रडताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. म्हणून ताईंना वाटलं, गावाची ओढ खरं तर नवऱ्यालाच आहे आणि माझं नाव पुढे करताहेत. इतकी वर्षं जिथे बदली झाली तिथे मी गेले, आता त्यांच्या मनासारखं होऊ दे, असं म्हणून त्या गप्प. शिवाय पुस्तक विनोदी आहे हे सांगायचं तर वाचून दाखवावं लागणार. "आणि तुमच्यावर एक प्रकरण आहे, तर त्यांच्यावर तीन आहेत," बायको म्हणाली.

"बिनवर?"

"बिनवरच एक आख्खं."

मी शेजारी गेलो. कॅप्टनसाहेब लायब्ररीत कपाट पुसायला गेले होते. ताई एकट्याच होत्या. ओट्यावर नवाकोरा प्रेशर कुकर, अजून खोक्यात. मी उभ्यानेच बोललो.

"ताई, मी तुमचं पुस्तक वाचलं नव्हतं. मला नेपाळी येत नाही."

"माहीत आहे, दाइ." त्याही हिंदीतच बोलत होत्या, आणि अजिबात रागावलेल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. "त्या दिवशी कुंपणावर तुम्ही पूर्णविराम आला की थांबत होता. हसायची जागा आली की थांबत नव्हता."

"मग मला तिथेच का नाही अडवलंत?"

त्यांनी खोक्यावरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. "माझं लिहिलेलं आजवर कोणी असं मोठ्याने वाचलं नव्हतं. भाउजूला मीच वाचून दाखवते. दुसऱ्याच्या आवाजात मी पहिल्यांदा ऐकलं. छान वाटलं. मग भाषणात ते डोंगर निघाले. तेव्हा वाटलं, उठावं आणि सांगावं, पण माझ्या शेजारी व्याही बसले होते, त्यांनी माझ्या गळ्यातल्या खाद्याच्या लोंबत्या टोकावर पाय ठेवला होता."

"तुम्हाला जायचंय का गावाला?"

"मला?" त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी तिथून निघाले तेव्हा माझ्यासाठी रडणारी माणसं होती. ती आता नाहीत. इथे मला सगळी शाळा ओळखते. बस पास आहे. परवा हा कुकर घेतला. पण बुढ्याला जायचं असेल तर मी कुकर बरोबर घेईन."

घर पाहायला गिऱ्हाईक पुढच्या आठवड्यात येणार होतं. त्याच्या आधी लायब्ररीत वाचकांची बैठक ठरलेली होती, आणि बोलायला अर्थात मीच होतो. मला एवढंच सुचलं, की जे मोडलं ते जिथे मोडलं तिथेच जोडायचं. ताईंच्या स्वयंपाकघरात बसून मी माझ्यावरचं प्रकरण शिकलो. शब्द शब्द विचारून. कुठे थांबायचं, कुठे नाही. बायको शेजारी बसून पुढच्या ओळीच्या आधीच हसायची.

लोकांनी मला त्यात ओळखावं इतकं ते बरोबर होतं. म्हातारा कुंपणावर हनुवटी टेकवतो आणि सांगतो. गुलाबांना काय घालावं, गुडघ्याला काय लावावं, मोमोची पारी कशी लाटावी. हिमालयाच्या पायथ्याशी जन्मलेल्या कॅप्टनला तो एकदा एव्हरेस्ट कसा चढावा हे समजावून सांगतो, आणि कॅप्टन सौजन्याने विचारतो, तुम्ही गेला होता का? म्हातारा म्हणतो, नाही, पण पुण्याला असताना सिंहगड. हा प्रसंग खरा आहे. मी तो विसरलो होतो, ताई विसरल्या नव्हत्या.

बैठकीला लोक टिश्यूची पाकिटं घेऊन आले. रडायचं पुस्तक म्हणून कीर्ती झाली होती, त्यामुळे ब्रिस्टलहूनसुद्धा काही जण आले होते. आसन ग्रहण झालं. मेणबत्त्यांची बटणं दाबली गेली. या वेळी व्याह्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमला होता. मी उभा राहिलो.

"मागच्या वेळी मी या पुस्तकाबद्दल बोललो," मी म्हणालो. "मी ते वाचलेलं नव्हतं. मी जे सांगितलं त्यातलं काहीही त्यात नाही."

लायब्ररीतली मुलगी कोपऱ्यातून माझ्याकडे डोळे विस्फारून पाहत होती. माझं भाषण ती पहिल्यांदाच जागी राहून ऐकत असावी.

"आता मी एक प्रकरण वाचलं आहे. ते माझ्यावर आहे."

मी वाचायला लागलो. पहिल्या ओळीला एका आजींनी सवयीने हुंदका दिला. दुसऱ्या ओळीला त्या थांबल्या. हनुवटी कुंपणावर आली तेव्हा कोणीतरी खोकल्यासारखं केलं. मोमोच्या पारीला समोरच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या, हसायचं की नाही ते ठरेना. आणि सिंहगड आला तेव्हा माझ्या मागून एक भयंकर आवाज झाला. मला वाटलं खुर्ची मोडली. कॅप्टनसाहेब हसत होते. गुडघ्यावर हात मारून, खादा तोंडात कोंबून हसत होते. मग सगळं सभागृहच सुटलं. ब्रिस्टलच्या माणसांनी आणलेले टिश्यू शेवटी डोळे पुसायलाच वापरले.

मी बसलो. हसू ओसरत असताना कॅप्टनसाहेब ताईंकडे वळले.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"मी नाही का यात?"

माझी बायको पहिल्या रांगेत होती. ती पर्समध्ये काही शोधत नव्हती. ताईंनी माझ्या हातातून पुस्तक घेतलं, पानं उलटली आणि उभ्या राहिल्या. त्या वाचत गेल्या आणि लोक आधी दबून, मग उघड हसत गेले, कारण या माणसाच्या तपासणीतून त्यांच्यापैकी कोणीही सुटलेलं नव्हतं. पहाटे गणवेशाची इस्त्री तपासावी तसे बिन तपासणारा, सुपरमार्केटमध्ये ट्रॉली कदमतालात ढकलणारा, आमच्या बागेत येणाऱ्या कोल्ह्याला 'सावधान!' असा हुकूम देऊन पाहणारा नवरा. कोल्हा खरोखर थांबला, असं पुस्तकात आहे. शेवटच्या ओळीत बायको पडद्याआडून ते पाहते आणि म्हणते की या माणसाबरोबर मी कुठेही राहीन, फक्त तिथे बिन असायला हवेत.

कॅप्टनसाहेब सरळ रेषेत पाहत होते. वाचन संपल्यावर ते उठले, अंगरखा खाली ओढला.

"एक चूक आहे," ते म्हणाले. "करडा बिन डावीकडे असतो. तू उजवीकडे लिहिलंयस."

"पुढच्या आवृत्तीत बदलते."

"आणि डोंगर?"

"डोंगर नाहीत."

"तुला गावाला जायचं नाही?"

"तुम्हाला जायचंय ना?"

"मला?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदा हुकूम नव्हता. "मी का जाऊ? इथे सकाळी आठला जीपी डॉक्टरला फोन लावला तर रांगेत पहिला नंबर माझा असतो. तिथे कोणाला फोन लावू? मी तुझ्यासाठी चाललो होतो."

"मी तुमच्यासाठी."

"मग ढिंडो?"

"मला ढिंडो आवडत नाही."

"मलाही नाही," कॅप्टनसाहेब म्हणाले. एवढं सगळं मंचावर, दोन रांगांतल्या मान्यवरांच्या देखत चाललं होतं, आणि मान्यवर कोणाचंही खासगी बोलणं ऐकताना बसतात तसे छताकडे पाहत बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. बोर्ड त्यांनी स्वतःच उपटला होता. एजंट काढून नेईपर्यंत थांबण्याएवढा धीर त्यांच्यात नव्हता. तो खांद्यावर बंदुकीसारखा घेऊन ते निघाले आणि मी मागे. "तुम्ही पण चला," ते म्हणाले होते, आणि का, हे विचारायचं धैर्य माझ्यात नव्हतं. हाय स्ट्रीटवर लोकांनी वाट दिली.

एजंटच्या ऑफिसात कोटातला एक तरुण होता. बोर्ड दारातून आत यायला जरा वळवावा लागला.

"घर विक्रीतून काढून घ्यायचं आहे," कॅप्टनसाहेब इंग्रजीत म्हणाले.

"हरकत नाही, सर. कारण विचारू का? सिस्टममध्ये घालावं लागतं."

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"या गृहस्थांनी पुस्तक वाचलं नव्हतं."

तरुणाने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. मग त्याने ते तसंच टाइप केलं.